बुढेरी तालावर मालूकाकी

आमच्या इमारतीचं नाव ‘मालू-महादेव सदन’. चौथ्या मजल्यावर स्वतः मालूकाकी मोकल आणि महादेवकाका राहतात, तिसऱ्यावर मी भाड्याने. मोकलांचं मूळ गाव खाडीकाठचं. भाताची जमीन आणि मिठागर, दोन्ही विमानतळात गेलं आणि पनवेलात ही इमारत उभी राहिली. त्याआधी कित्येक वर्षं मालूकाकी करंज्याच्या बंदरावरून सुकी मासळी आणून पनवेलच्या बाजारात विकायच्या. बाजारात बसल्या जागेवरून त्यांनी हाक मारली की एसटी स्टँडावर उभा असलेला माणूस वळून बघायचा, असं त्यांची जुनी गिऱ्हाइकं अजून सांगतात.

इमारत झाली तसा मुलगा हृतिक म्हणाला, “आई, आता बस कर. बिल्डिंगची मालकीण पाटी घेऊन बाजारात बसते, बरं दिसत नाही.” काकींनी पाटी कायमची खाली ठेवली. तेव्हापासून त्या गॅलरीत बसतात. दूधवाला, वॉचमन, कचऱ्याची गाडी, कुणाचं पार्किंग कुठे, सगळं त्यांच्या देखरेखीखाली चालतं. चौथ्या मजल्यावरून त्या वॉचमनशी बोलतात तेव्हा इंटरकॉमची गरज पडत नाही. पण दुपारी एकदा रस्ता शांत झाला की त्यांना काय करावं ते सुचत नाही. मग त्या खाली माझ्याकडे येतात आणि म्हणतात, “काय करतस? कर, कर. मी बसतंय खाली.”

आता सांगते ते मला काकी आणि त्यांची मुलगी अंकिता, दोघींकडून कळलं. जिथे दोघींच्या सांगण्यात फरक पडला तिथे मी काकींचं धरलंय, कारण ते ऐकायला चांगलं आहे.

अंकिता ऐरोलीला एका कंपनीत आहे. तिने आणि तिच्या मैत्रिणीने, निशाने, उत्तराखंडात डोंगरातल्या एका तळ्याकाठी तंबूत राहायचं बुकिंग केलं होतं. राखीव जंगल, समोर बर्फाचे डोंगर, मोबाईलला रेंज नाही, म्हणजे सगळं छानच. निघायला थोडे दिवस राहिले आणि निशा जिन्यावरून पडली. पाय प्लॅस्टरमध्ये.

“एकटी पोर जंगलान झोपाला जाते? नाय,” महादेवकाका म्हणाले.

“अहो पप्पा, ग्रूप असतो. गाईड असतो.”

“तो कोन? आपल्या वलकीचा हाय?”

तांदूळ निवडत बसलेल्या काकी मान वर न करता म्हणाल्या, “मंग मी जातंय तिच्यासंगती.”

काका हसले. “तू जाऊन काय करशील?”

“ती करल ते.”

“ती मजा कराला जाते.”

“मंग मी पन मजा करन.”

काकांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण काकींनी मजा करायची असं जाहीरपणे म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

तयारी म्हणून अंकिता त्यांना कर्नाळ्याला घेऊन गेली. काकींनी साडी खोचली, आतून काकांची ट्रॅकपँट चढवली, पायात हृतिकचे जुने बूट घातले आणि किल्ल्याच्या वाटेला लागल्या. चढताना त्यांनी कॉलेजच्या एका घोळक्याला मागे टाकलं. उतरताना मात्र गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्या सरळ बसल्या आणि घसरत आल्या. काकांच्या ट्रॅकपँटचा तिथेच अंत झाला. घरी आल्यावर काकांनी ती उजेडात धरून बघितली आणि घडी घालून ठेवली.

निघायच्या आदल्या दिवशी अंकिताने आईची बॅग तपासली. वाकळ काढली, खलबत्ता काढला, खोबरेल तेलाची भली मोठी बाटली काढली. तांदळाचं पीठ राहू दिलं. लोकरीच्या मोज्यांचं एक जाडजूड बोचकं होतं, ते तिने उघडलं नाही. ही तिची चूक.

बोचक्याने स्वतःची ओळख करून दिली ती आगगाडीत. गुजरात मागे पडल्यावर एसी डब्यातल्या एका गृहस्थांनी टीसीला बोलावून सांगितलं की इथे कुठेतरी उंदीर मेलाय. डब्यातली माणसं उठली. बॅटऱ्या लावून बर्थखाली शोध सुरू झाला. सगळ्यात मनापासून शोधत होत्या त्या मालूकाकी. “बगा, बगा, त्या कोपऱ्यान बगा,” असं त्या टीसीला सांगत होत्या. अंकिताने आईच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला सगळं समजलं.

“आई, बॅगेत काय आहे?” तिने हळूच विचारलं.

“बोंबील. थोरेसंच. तुझ्या त्या हिमालयान काय मिलल नि काय नाय.”

उंदीर शेवटपर्यंत सापडला नाही.

पुढे जीप, मग खेचरांवर सामान लादून देवदारांतून चढण. कॅम्पचे गाईड नेगीजी चाळिशीतले, बारीक आणि अतिशय शांत गृहस्थ होते. जंगल संपलं आणि समोर ते तळं, बुढेरी ताल, आलं. हिरव्या गवताची मोठी परात, तिच्या तळाशी पाणी आणि पाण्यात पांढरे डोंगर उलटे. बरोबरची सगळी मंडळी थांबली. कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले.

काकी काठापर्यंत गेल्या, वाकून बघितलं आणि नेगीजींना विचारलं, “इसमे मच्छी हाय?”

“है माताजी. पर पकड़ना मना है. देवता का ताल है.”

“फिर खाता कोन?”

“कोई नहीं खाता.”

काकी पुन्हा पाण्याकडे बघायला लागल्या. हाताएवढे मासे निवांत फिरत होते. त्यांना पकडणारं कुणी नाही, विकणारं नाही, खारवणारं नाही. “किती वर्सं झाली असतील याना असा फिरताना,” त्या अंकिताला म्हणाल्या. त्या बोलण्यात हळहळ होती की हेवा, ते अंकिताला नीट कळलं नाही.

संध्याकाळच्या आत नेगीजींनी सगळ्यांना गोल बसवून नियम सांगितले. प्लास्टिक टाकायचं नाही. मोठ्याने बोलायचं नाही. तंबूत खायचं ठेवायचं नाही, कारण जंगलात अस्वल आहे आणि ते वासावर येतं. ‘वास’ म्हटल्याबरोबर गोलातली सगळी डोकी काकींकडे वळली.

त्यांतलं एक डोकं पुण्याच्या अथर्व नावाच्या माणसाचं होतं. हा पक्ष्यांचे फोटो काढायला आला होता. हातभर लांब लेन्स, आणि अंगात पानापानांचे कपडे. झाडासमोर उभा राहिला की फक्त चष्मा दिसायचा. तो काकींजवळ येऊन अदबीने म्हणाला, “गैरसमज करून घेऊ नका, पण तुमचा तंबू जरा पलीकडे हलवता आला तर बरं होईल. वारा माझ्याकडे येतोय.”

“हलवा की,” काकी म्हणाल्या. “आमी आतच बसतो, तुमी उचला.”

शेवटी नेगीजींनी तोडगा काढला. बोंबील एका पत्र्याच्या डब्यात घालून, डबा दोरीने बांधून, तंबूंपासून दूर एका देवदारावर टांगला. काकी खाली उभ्या राहून बघत होत्या. “कवरे चांगले करंज्याचे बोंबील,” त्या म्हणाल्या, “नि त्याना फाशी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकींना काकांची आठवण झाली. रेंज फक्त एका खडकावर यायची, तीही उजवा हात वर केला तर. काकी खडकावर चढल्या. त्याच वेळी खाली झुडपात अथर्व पोटावर पडून होता. समोर बुरांशाच्या दाट झाडीत मोनाल पक्षी होता. निळा, हिरवा, तांबडा, सगळे रंग अंगावर घेतलेला. पहाटेपासून अथर्व त्याच्या बाहेर येण्याची वाट बघत होता आणि तो बाहेर येत नव्हता.

फोन लागला. फोन वरच्या हातात, कान खाली. तेव्हा काकींनी बाजारातला आवाज लावला.

“अवो! जेवलाव काय?”

काकांनी तिकडून काहीतरी सांगितलं. भात करपला, असं असावं.

“पानी कमी घातलाव! दोन पेरं ठेवा पानी! दोन पेरं!”

बुढेरी तालाच्या चारी बाजूंना डोंगर. त्यांनी ते झेललं आणि परत पाठवलं. दोन पेरं… पेरं… पेरं. तंबूंमधून माणसं बाहेर आली. खेचरांनी कान उभे केले. काठावरच्या छोट्या देवळाजवळ ध्यानाला बसलेल्या दिल्लीच्या दोन बायकांनी डोळे उघडले. आणि बुरांशातून किंचाळत मोनाल उडाला, तो थेट अथर्वच्या डोक्यावरून, पंख पसरून, ऊन अंगावर घेऊन.

अथर्व रागाने लाल होऊन उठला. खडकाकडे निघालासुद्धा. चार पावलांवर त्याने सहज कॅमेऱ्याच्या पडद्यावर नजर टाकली आणि तिथेच थांबला. दचकल्यामुळे त्याचं बोट दाबलं गेलं होतं. पडद्यावर उडता मोनाल होता, अख्खा, स्वच्छ. त्याने काकींकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं. भांडावं की आभार मानावेत ते न ठरल्याने तो तसाच चहाला निघून गेला.

त्या दुपारी सगळे वरच्या खिंडीत गेले. काकींचे गुडघे कर्नाळ्यापासूनचे नाराज, म्हणून त्या मागे राहिल्या. कॅम्पचे आचारी ओढ्यावर भांडी घासायला गेले होते. थंडी होती. काकींनी जरा पडावं म्हणून स्लीपिंग बॅगमध्ये शिरून पाहिलं. पहिली रात्र त्यांनी बॅग अंगाखाली घेऊन काढली होती. हे पोतं माणसाने आत शिरायचं असतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. आता कुणी बघत नव्हतं. त्या शिरल्या, चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि चेनीत पदर अडकला.

चेन वर जाईना, खाली येईना. हात आत, डोकं बाहेर. काकी लोळत लोळत तंबूच्या दारापर्यंत आल्या आणि कशाबशा उभ्या राहिल्या. बाहेर बघतात तर धुकं. ताल नाही, डोंगर नाही, कापसासारखं सगळं पांढरं. तेवढ्यात धुक्यातून धावत्या पावलांचा आवाज आला आणि अथर्वची आरोळी.

“अस्वल! काकू, अस्वल आलंय! तंबूत जा!”

कॅमेऱ्याची बॅटरी संपली म्हणून तो एकटाच खिंडीतून परत आला होता. पुढे पानापानांचा अथर्व आणि मागे काळं, केसाळ, वासराएवढं काहीतरी. अथर्वला जे पहिलं झाड दिसलं त्यावर तो चढला. ते झाड म्हणजे काकींच्या बोंबलांचा देवदार. ते काळं जनावर झाडाखाली येऊन उभं राहिलं आणि नाक वर करून हुंगायला लागलं. त्याला अथर्वमध्ये काडीचा रस नव्हता, पण हे अथर्वला वरून कळायला मार्ग नव्हता. तो आणखी वर सरकला. फांदी हलली, दोरी सुटली, डबा खाली आपटला, झाकण उडालं.

काकी मला म्हणाल्या, “मना भ्या वाटला नाय असा नाय. पन माजे बोंबील भुईवर परले, मंग डोकाच फिरला.”

त्या उड्या मारत निघाल्या. पोत्याच्या शर्यतीत मारतात तशा, एकेक हात लांब उड्या. “हाड! हाड मेल्या! कोनाचा माल हाय तो! ठेव खाली!” करंज्याच्या धक्क्यावर घारी, कुत्री, मांजरं आणि व्यापारी या सगळ्यांना त्या असंच बोलत आल्या होत्या. जनावराने मान वळवली. धुक्यातून एक निळं, हात नसलेलं, ओरडणारं काहीतरी उड्या मारत आपल्याकडे येतंय, असं त्याने आयुष्यात पाहिलं नसणार. तोंडातला बोंबील न सोडता ते खाली बसलं आणि शेपूट हलवायला लागलं.

“अरे,” काकी थांबल्या. “यो त कुत्रा हाय!”

“नक्की?” वरून आवाज आला.

“शेपटी हालवतंय. उतर खाली.”

“थोडा वेळ थांबतो,” अथर्व म्हणाला.

तेवढ्यात “कालू! ओ कालू!” अशी हाक आली आणि पाठीवर दुधाचा कॅन बांधलेली एक उंच, वयस्क बाई धुक्यातून बाहेर पडली. ती शरीफन. म्हशी घेऊन उन्हाळ्यात वर येणाऱ्या गुज्जर लोकांपैकी. कॅम्पला दूध-लोणी तीच द्यायची. तिने आधी पोत्यातली काकी बघितली, मग झाडावरचा अथर्व, मग बोंबील चघळणारा आपला कुत्रा. ती हसायला लागली. इतकं हसली की कॅन उतरवून तिला खाली बसावं लागलं. काकी आधी रागावल्या, मग त्यांनाही हसू फुटलं. पोत्यात हात अडकलेल्या माणसाला पोट धरून हसता येत नाही, म्हणून त्या आडव्या पडल्या आणि हसल्या.

शरीफनने हसू आवरलं, लोण्याच्या डब्यात बोट घातलं, चेनीला लोणी चोळलं आणि दोन हिसक्यांत काकींना बाहेर काढलं. पदराचा तेवढा तुकडा चेनीत राहिला.

खिंडीतली मंडळी परत आली तेव्हा धुकं विरलं होतं. अथर्व झाडाखाली बसून, चढताना निसटलेला बूट घालत होता. तळ्याच्या काठी दोघी बायका पाय पसरून बसल्या होत्या, मध्ये कुत्रा. अंकिता धावत आईकडे गेली. पण त्यांचं बोलणं असं रंगलं होतं की तिने मध्ये तोंड घातलं नाही, मागेच बसून राहिली.

काकींनी शरीफनला बोंबील देऊ केला होता. तिने हुंगून नाक मुरडलं. “ना बहन. हम मांस-मच्छी ना खाते. बास मारे है.”

“बास नहीं, सुवास,” काकी म्हणाल्या. “बरा, हमारा भाकरी खाव.” कॅम्पच्या चुलीवर त्यांनी तांदळाची भाकरी थापली होती, ती लोण्याबरोबर दोघींनी खाल्ली.

“तुम्हारा घर किधर हाय?” काकींनी विचारलं.

“जिधर भैंस, उधर घर. सर्दी में नीचे, गर्मी में ऊपर. जंगल वाले हर साल पूछे हैं, कागज दिखाओ. और तुम्हारा?”

“हमारा बी पानी के बाजू में था. मीठ पकाता था. अबी उधर विमान उतरता हाय.”

“क्या उतरे है?”

काकींनी हात पंखासारखे पसरले, तोंडाने घर्रर्र केलं आणि हात गवतावर उतरवले. “हमारा खेत में.”

शरीफनला हा विनोदच वाटला. म्हशी चरतात तिथे विमान! ती पुन्हा हसायला लागली. अंकिता मागून घाबरली. घरी जमिनीचा विषय निघाला की आई उठून आत जाते, हे तिला माहीत होतं. पण काकी हसल्या. “हां गो. माज्या चिखलान विमान!” आणि पुन्हा एकदा घर्रर्र करून दाखवलं. कुत्रा उठून पळाला.

राहिलेल्या दिवसांत शरीफन दूध द्यायला आली की तासभर बसायची. काकी खिंडीत गेल्या नाहीत, सूर्योदय बघितला नाही, रात्रीचे तारेही फारसे नाहीत. त्या पाण्याकाठी बसल्या. निघायच्या सकाळी खेचरं लादून झाली तरी त्या उठेनात.

“आई, काय बघतेस एवढं?” अंकिताने विचारलं.

“काय नाय. मिठागरान, धक्क्यावर, सगला जलम पान्याकाठी गेला माजा. पन निस्ता बसला कदी नवता.” मग हात पुढे करून म्हणाल्या, “उठव. गुडघं धरलं.”

परत आल्यावर काकांनी तक्रारींचा पाढा वाचला. खरं म्हणजे त्या करपलेल्या भातानंतर ते रोज माझ्याकडे जेवत होते आणि वर माझ्या आमटीत मीठ कमी असतं असं मलाच सांगत होते. अथर्व पुढे एकदा मुंबईला कामाने आला तेव्हा मोनालचा फोटो मोठा करून, फ्रेम करून घेऊन आला. काकींनी त्याला जेवायला बसवलं. बोंबलाचं कालवण काही त्याला जमलं नाही. खिडकीशी ताट नेऊन त्याने वरणभात खाल्ला आणि वारा कुठून येतोय ते दोनदा बघितलं. फोटो मात्र दिवाणखान्यात लागलाय. आल्यागेल्याला काकी सांगतात, “यो मी उडवलेला.”

आता काकींना पुन्हा जायचंय. अंकिताला सुट्टी नाही, तेव्हा काकांनीच यावं असा हुकूम निघालाय. काका आधी कडाडून नाही म्हणाले. मग त्यांना सवय व्हावी म्हणून काकींनी तंबू मागवला आणि गच्चीवर ठोकला. मी परवा दुपारी कपडे वाळत घालायला वर गेले तर तंबूची चेन आतून बंद होती. मी हाक मारली. चेन वीतभर उघडली, त्यातून काकांचा चष्मा आणि वर्तमानपत्राचं टोक दिसलं.

“मालूला सांगू नको हां,” ते म्हणाले. “इथं लय बरा वाटते. कोन आवाज देत नाय.”

आणि त्यांनी चेन लावून घेतली.